विश्लेषण : निफाडच्या रस्त्यावर उतरण्याआधीचे पंधरा प्रश्न

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या, मोबाइलवरही देता येते. निफाडकरांची नाशिकची फेरी त्यामुळे वाचली. मात्र परीक्षेचा अभ्यासही सोबतच वाचवला जात असेल तर? काय असते ही परीक्षा, ती स्वतः का द्यावी, तयारी कशी करावी आणि पुढच्या ३० दिवसांत काय करावे, याचा हा आढावा.

परीक्षा नेमकी कसली?

बारावीचा निकाल लागला, वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की घरात पहिला विषय निघतो तो ‘लायसन्स’चा. पक्का परवाना थेट मिळत नाही. आधी शिकाऊ परवाना, म्हणजे बोलीभाषेतले ‘लर्निंग’ काढावे लागते. त्यासाठी एक छोटी लेखी परीक्षा असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ मध्ये ती सांगितली आहे. वाहतुकीची चिन्हे आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीत बाळगायची कागदपत्रे, एवढाच तिचा अभ्यासक्रम. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात १५ प्रश्न विचारले जातात, त्यातले ९ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. प्रश्न पर्यायी असतात, मराठीतून सोडवता येतात आणि प्रत्येकासाठी मोजकेच सेकंद मिळतात.

जून २०२१ पर्यंत या परीक्षेसाठी निफाड, लासलगाव, सायखेड्याच्या तरुणाला नाशिकच्या पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालय गाठावे लागे किंवा तालुक्यात भरणाऱ्या शिबिराची तारीख धरावी लागे. जाऊन-येऊन ८० किलोमीटर आणि दिवसाची मजुरी, हा खर्च परीक्षेच्या शुल्काहून जास्त होई. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने आधारशी जोडलेली घरबसल्या परीक्षा सुरू केली. ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करायचा, आधारवर ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची आणि परीक्षा द्यायची. उत्तीर्ण झाल्यास परवान्याची प्रत लगेच हाती. शिकाऊ परवान्याचे मूळ शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे. आधारचा पर्याय नको असेल, तर वेळ घेऊन कार्यालयात जाऊन परीक्षा देण्याची सोय कायम आहे.

सुविधा चांगली आहे आणि ती मागे घेण्याचे काहीच कारण नाही. पण ती सुरू झाल्यावर काही दिवसांतच एजंटच परीक्षा ‘देऊन’ टाकतात, अशा तक्रारी राज्यभरातून येऊ लागल्या. आधारवरून अर्जदार कोण ते कळते. उत्तरावर बोट कोणाचे पडले, ते त्यावरून कळत नाही. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात ओटीपी सांगायचा आणि चहा संपेपर्यंत परवाना घेऊन बाहेर पडायचे, यात कोणाला फारसे गैर वाटत नाही. ‘गाडी तर येतेच, पेपरात काय ठेवलंय?’ हा त्यामागचा युक्तिवाद.

पेपरात काय ठेवले आहे?

निफाड तालुक्याच्या रस्त्यांवर ठेवले आहे, असे याचे उत्तर आहे. या तालुक्यातून दोन मोठे रस्ते जातात. ओझर आणि पिंपळगाव बसवंतवरून मुंबई-आग्रा महामार्ग, तर चांदोरी, निफाड, विंचूरवरून नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्ता. दोन्हींना दोन्ही बाजूंनी शिवाररस्ते येऊन मिळतात. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, जानेवारीपासून द्राक्षांच्या गाड्या आणि कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांकडे पहाटेपासून लागलेली ट्रॅक्टर-पिकअपची रांग. थंडीत याच तालुक्यातला पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत असतो आणि गोदाकाठी धुके उतरते. अशा रस्त्यावर एकाच वेळी ताशी १५ च्या वेगाने जाणारी जोडट्रॉली आणि ताशी ९० ने येणारी मोटार असते. नियम माहीत नसलेला माणूस इथे अंदाजाने गाडी चालवतो आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येतो. म्हणूनच तो धोकादायक असतो.

आता परीक्षेतला एक नेहमीचा प्रश्न घ्या. कोपऱ्यावर टेकलेला, म्हणजे टोक खाली असलेला, लाल कडेचा त्रिकोण काय सांगतो? उत्तर : ‘रस्ता द्या’. शिवाररस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाचा हक्क पहिला. फलक तिथे असो वा नसो, नियम तोच. २०१७ मध्ये लागू झालेल्या मोटार वाहन चालन विनियमांत हे स्पष्ट आहे. कोणताच रस्ता मुख्य नसेल आणि सिग्नल किंवा पोलीसही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गोल चौकात आधीच शिरलेल्या वाहनाला आधी बाहेर पडू द्यायचे. चौकात ‘ज्याची गाडी मोठी तो आधी’ हा अलिखित नियम ज्यांनी पाळला, त्यांची किंमत या रस्त्याने मोजली आहे. याच संभाजीनगर रस्त्यावर, नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात, ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस आणि मालवाहू वाहनाची धडक होऊन बस पेटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. त्या घटनेचा दोष कोणाचा, हा तपासाचा विषय; चौक ही जागा किती निर्दय असते, हे मात्र साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

दुसरा प्रश्न ओव्हरटेकचा. नियम उजवीकडूनच पुढे जाण्याचा. डावीकडून पुढे जाण्याची मुभा पुढचा चालक उजवीकडे वळण्याची खूण देऊन मध्ये सरकला असेल, तेव्हा मिळते. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर किंवा समोरचे दिसत नसताना पुढे जायचेच नाही. परीक्षेत हे चार पर्यायांतले एक असते. रस्त्यावर ते असे येते : पुढे उसाची ट्रॉली, तिच्यावर दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा एकतर नाही किंवा उसाआड झाकलेला. ट्रॉलीचालक उजवीकडे शेतात वळणार आहे. त्याने हात दाखवला तरी तो दिसत नाही. मागचा दुचाकीस्वार उजवीकडूनच पुढे निघतो.

इथे थोडे गणित. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसणे, मेंदूला कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात साधारण एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १७ ते २५ मीटर संपले. त्यापुढे गाडी थांबायला लागणारे अंतर वेगळे आणि तेही वेग दुप्पट झाला की चौपट होते. अंधारात, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिव्याच्या झोतात येते तेव्हा हाताशी असलेले अंतर अनेकदा याहून कमी असते. ‘दोन वाहनांतील सुरक्षित अंतर’ हा प्रश्नपत्रिकेतला कोरडा वाटणारा शब्दप्रयोग याच मीटरांबद्दल आहे.

१२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी निफाड तालुक्यातील धार्मिक कार्यक्रमाहून परतणाऱ्यांचा टेम्पो नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या नेणाऱ्या वाहनावर मागून आदळला आणि अनेकांचा जीव गेला. गाडीच्या बाहेर येणारा माल हा आज कायद्याने गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) मध्ये त्यासाठी २० हजार रुपये दंड आहे. मालवाहू गाडीतून माणसे नेणे हाही नियमभंगच. लग्न, जत्रा, दिंडी, दहावा, कशालाही पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून जाण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तो प्रश्न परीक्षेत आला तर तो कागदावरचाच वाटतो.

फाटकाचा प्रश्न अजून कशाला?

रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. तरीही अभ्यासक्रमात तो भाग आहे आणि बरेच उमेदवार त्याला हसतात. कायदा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. कलम १३१ सांगते की, राखणदार नसलेल्या क्रॉसिंगपाशी चालकाने गाडी थांबवावी, वाहक किंवा सोबत्याने चालत पुढे जाऊन दोन्हीकडून गाडी येत नाही याची खात्री करावी. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. नाशिक-मनमाड लोहमार्ग कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव असा तालुक्याच्या मधून जातो. बंद फाटकाखालून दुचाकी वाकवून काढणाऱ्याला हा प्रश्न जुना वाटायला नको. चिन्हांतला फरकही पाठ असावा : त्रिकोणात फाटकाचे चित्र म्हणजे राखणदार असलेले क्रॉसिंग, इंजिनाचे चित्र म्हणजे नसलेले. फलकाखाली दोन तिरप्या पट्ट्या असतील तर क्रॉसिंग २०० मीटरवर. एक असेल तर ५० ते १०० मीटरवर.

तयारीला किती वेळ लागतो?

रोज अर्धा तास दिला तर आठवडा पुरे. घोकंपट्टीने सुरुवात करू नये. चिन्हे आधी आकाराने ओळखावीत. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ आज्ञा देते, चौकोन माहिती देतो. लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई सांगते, निळे वर्तुळ ‘हे करा’ सांगते. ‘थांबा’ला अष्टकोन आणि ‘रस्ता द्या’ला उलटा त्रिकोण, हे दोन अपवाद मुद्दाम वेगळ्या आकाराचे ठेवले आहेत, चिखलाने फलक झाकला तरी आकार कळावा म्हणून. एवढे समजले की निम्म्याहून अधिक चिन्हे न पाठ करता सुटतात.

मग नियमांचे प्रश्न. ‘सारथी’वर सराव परीक्षा आहे, तीच वापरावी. यूट्यूबवरच्या ‘हमखास येणारे प्रश्न’ छापाच्या चित्रफितींत जुने दंड आणि परराज्यातले नियम सर्रास मिसळलेले असतात. प्रश्नांची मराठी सरकारी वळणाची आहे, हे मान्यच करायला हवे. ‘पादचारी’, ‘अग्रक्रम’, ‘निषिद्ध’ हे शब्द पहिल्यांदा परीक्षेतच भेटले तर सेकंद त्यातच जातात. सरावात एकदा अडखळले की परीक्षेत अडखळायला होत नाही. चुकलेला प्रश्न वहीत लिहून ठेवण्याची जुनी पद्धत इथे उत्तम चालते. १५ पैकी १३-१४ सातत्याने येऊ लागल्यावरच खरी परीक्षा द्यावी.

कागदपत्रांचे उत्तर सोपे आहे : परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी. ती डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवली तरी चालतात, तशी दुरुस्ती नियमांत २०१८ मध्येच झाली आहे. व्हॉट्सॲपवर ठेवलेला फोटो मात्र त्यात मोडत नाही. मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १० हजारांपर्यंत दंड.

अपघातानंतरच्या कर्तव्यांवर मात्र जास्त वेळ द्यावा, कारण हा भाग प्रश्नपत्रिकेबाहेर कोणी शिकवत नाही. कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, घटनेची माहिती पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि २४ तासांच्या आत द्यायची आणि विमा कंपनीला कळवायचे. जमाव मारेल ही भीती खरी असते. कायद्याने ती ओळखली आहे आणि जमावाच्या रोषासारख्या कारणाने थांबता आले नाही, तर ती सूट दिली आहे. पोलिसांना कळवण्यातून सूट नाही. आणि रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने जखमीला उचलून दवाखान्यात नेले, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. ‘नंतर पोलीस आपल्यालाच बसवतील’ म्हणून बघ्यांच्या गर्दीत उभे राहणाऱ्याने हे कलम वाचायला हवे.

सोळा वर्षांच्या मुलाचे काय?

इथे तालुक्यात सर्वात मोठा गैरसमज आहे. १६ व्या वर्षी ‘विनागिअर’ परवाना मिळतो, हे अर्धे सत्य. कायद्यात तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता आहे. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी ११० ते १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे शिकवणीला स्कूटीवर जाणारा अकरावीचा मुलगा हाती परवाना असूनही विनापरवाना ठरतो. अल्पवयीनाने गाडी चालवल्यास २०१९ पासूनच्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या विजेच्या सायकल-स्कूटरला परवाना लागत नाही. पण विकत घेताना हे आकडे कागदावर बघून घ्यावेत, दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नये.

हीच परीक्षा आयुष्यभराची?

बहुतेकांसाठी होय. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. द्राक्षाच्या पेट्या आणि कांद्याची पोती वाहणारी बहुतेक पिकअप या वजनात बसतात. शेतातला ट्रॅक्टरही हलक्या वाहनातच मोडतो. हजारो चालकांची अडवणूक या निकालाने थांबली, हे चांगलेच झाले. पण त्याची दुसरी बाजू अशी की, अठराव्या वर्षी १५ पैकी ९ उत्तरे देणाऱ्याला त्यानंतर नियमांबद्दल कोणी काहीही विचारत नाही, मग तो अल्टो चालवो की दोन टन कांदा भरलेली पिकअप.

ब्रिटनमध्ये वेगळी लेखी परीक्षा १९९६ मध्ये आली. तिथे ५० पैकी ४३ उत्तरे लागतात आणि २००२ पासून चित्रफीत दाखवून ‘धोका कधी दिसला’ हेही तपासले जाते. आपल्याकडेही केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले, त्यात हलक्या वाहनासाठी २९ तासांच्या प्रशिक्षणातले ८ तास नियम आणि सिद्धांताचे आहेत. आठ तास कुठे आणि झेरॉक्सच्या दुकानातली पाच मिनिटे कुठे! रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्त्यांवर मृत्युमुखी पडले, त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. यातले किती जण एका प्रश्नाच्या उत्तराने वाचले असते, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण उत्तर माहीत असणे ही अट तरी खरी असायला हवी.

नाशिकने याबाबत एक वाट दाखवली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम झाली आणि त्यानंतर विनाहेल्मेट पकडलेल्यांना ‘नाशिक फर्स्ट’ संस्थेच्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये समुपदेशनाला बसवण्यात आले. पावती फाडून सुटण्यापेक्षा दोन तास बसून ऐकणे लोकांना जास्त जड गेले. हाच धडा परवान्याआधी का नको? घरबसल्या परीक्षा राहू द्यावी, पण तालुक्यातल्या महाविद्यालयांत महिन्यातून एक दिवस देखरेखीखाली ती देण्याची सोय परिवहन विभागाने करावी, आणि प्रश्नसंचात बिनदिव्याची ट्रॉली, धुके, शिवाररस्ता हे विषय आणावेत. महानगरातल्या झेब्रा क्रॉसिंगइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

परवाना हाती आल्यावर

शिकाऊ परवाना म्हणजे शिकण्याची परवानगी. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ आणि मोटारीत शेजारी पक्का परवानाधारक शिकवणारा हवा. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही, मैत्रिणीला नाही आणि आजीलाही नाही. हा नियम ३ आहे आणि प्रमाणित विमा पॉलिसीत त्याचा उल्लेख असतो : शिकाऊ चालकाने नियम ३ पाळला असेल, तरच त्याचे चालवणे पॉलिसीच्या अटीत बसते. तेव्हा नव्या गाडीला ओरखडा आला आणि शेजारी कोणी नव्हते, तर दावा अडू शकतो.

पक्क्या परवान्याची चाचणी शिकाऊ परवान्याच्या तारखेपासून ३० दिवसांनंतर देता येते; त्यात नापास झाल्यास पुन्हा संधी सात दिवसांनी आणि तीनदा नापास झाल्यास ६० दिवसांनी. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचे नमुना १-अ प्रमाणपत्र आधीच करून ठेवावे. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने. मे महिन्यात सुट्टीत काढलेले ‘लर्निंग’ नोव्हेंबरमध्ये संपते, म्हणजे नेमके उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात तेव्हा. मुदत संपत आली की चाचणीची तारीख मिळणे कठीण होते, त्यामुळे पोळ्याच्या आसपासची तारीख धरलेली बरी. शिबिरात चाचणी द्यायची असेल तर त्याचे वेळापत्रक परिवहन कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावे.